नाव यादीत नाही

(जालना शहरातील मस्तगड येथे उपासक-उपासिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सभेस येऊ न शकलेल्या वाचकांसाठी तो काही ठिकाणी विस्ताराने लिहून काढला आहे.)

उपासक-उपासिकांनो, आणि हे भाषण पाक्षिकातून वाचणाऱ्या बंधुभगिनींनो,

आज मी आपणांपुढे धम्मातील एखाद्या गहन तत्त्वाचे विवेचन करण्यासाठी उभा नाही. एका नऊ वर्षांच्या मुलीचा अर्ज नामंजूर झाला, त्याविषयी मला बोलावयाचे आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी सभा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे पाणी ओंजळीत घेतले, तेही ओंजळभरच होते. हक्काची गोष्ट आकाराने मोजावयाची नसते.

मुलीची हकिकत थोडक्यात सांगतो. नाव सांगत नाही, कारण तिला याच शहरात मोठे व्हावयाचे आहे. बाप लोखंडाच्या कारखान्यात रोजंदारीवर जातो, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीला तिसऱ्या वर्षापासून फिट येते. आपल्याकडे कोणी तिला फेफरे म्हणतात, कोणी मिरगी म्हणतात. वैद्यकात अपस्मार हे नाव आहे. औषध चालू असूनही महिन्यातून पाच-सहा वेळा झटका येतो. उजव्या हातात जोर कमी आहे. बोलणे उशिरा आले. तिसरीच्या वर्गात बसते, पण अक्षरे ओळखताना अडखळते. वर्गात दोनदा झटका आला, तेव्हा शाळेने आईस सांगितले की काही दिवस घरीच ठेवा. ते काही दिवस चार महिने झाले.

कोणीतरी सांगितले म्हणून आईने दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. ते मिळाले तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा काही रक्कम मिळेल, औषधाचा खर्च निघेल, एवढीच तिची अपेक्षा. दोन दिवसांची मजुरी बुडवून ती मुलीला घेऊन गेली. टेबलापलीकडच्या माणसाने कागद चाळले आणि परत दिले. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात तीच पिशवी होती. ती म्हणाली, "दादा, साहेब म्हणले, फिट यात बसत नाही. नाव यादीत नाही."

मी विचारले, "लिहून काय दिले?"

ती म्हणाली, "लिहून कशाला देतील? हाकलून नाही दिलं, हेच खूप झालं."

बंधुभगिनींनो, त्या नकारापेक्षा या शेवटच्या वाक्याने मला अधिक अस्वस्थ केले. आजच्या भाषणाचे कारण तेच वाक्य आहे.

यादीची ओळख आम्हांस नवी नाही

"नाव यादीत नाही" हे शब्द आपल्या समाजाने पूर्वीही ऐकले आहेत. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी लागू झाली, आणि हिंदू धर्म न मानणाऱ्यास, काही थोडे अपवाद सोडल्यास, त्या यादीत स्थान नाही असे ठरले. १९५६ साली शीख समाजाचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा घेतलेल्या माणसाचे घर तेच राहिले, गावाची वेस तीच राहिली, त्याला विहिरीपासून दूर ठेवणारे शेजारीही तेच राहिले. पण केंद्राच्या यादीतून तो बाहेर पडला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर राज्याने आपल्या अधिकारातील सवलती नवबौद्धांस दिल्या. केंद्राची यादी मात्र बंदच राहिली. ती उघडण्यास १९९० साल उजाडावे लागले. मध्ये चौतीस वर्षे गेली. ज्या मुलाने १९५६ साली आईच्या कडेवर बसून दीक्षा घेतली, त्याची उमेदवारीची वर्षे त्या यादीच्या दाराबाहेर संपली.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली अशी, की यादी ही माणसांनी केलेली असते. ती अपुरी असू शकते आणि बदलताही येते. दुसरी अशी, की ती आपोआप बदलत नाही. ज्यांनी कागदावर मागणी केली, निवेदने दिली, नकाराचे उत्तर लेखी मागितले आणि ते उत्तर घेऊन पुढच्या दारावर गेले, त्यांनीच ती बदलून घेतली. या मुलीच्या बाबतीतही मार्ग हाच आहे.

रोग म्हणजे काय, आणि काय नाही

प्रथम आपल्या घरातील अंधार दूर करू. अपस्मार ही मेंदूतील विद्युत्-क्रियेत क्षणभर होणाऱ्या गडबडीची व्याधी आहे. ती कोणाच्या नजरेने होत नाही, पूर्वजन्मीच्या पापाने होत नाही, स्पर्शाने पसरत नाही. ग्रीस देशातील हिपोक्रेटीस या वैद्याच्या नावावर असलेल्या ग्रंथात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच असे प्रतिपादन आहे की, लोक ज्याला दैवी रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नाही. चोवीसशे वर्षांनंतरही आपल्या वस्तीत झटका आलेल्या लेकराच्या नाकाला चप्पल लावली जाते, ही लाजेची गोष्ट आहे. दीक्षेच्या वेळी जे सोडून दिले ते देवऋष्याच्या दाराने परत घरात आणावयाचे नसते. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास बांधणे, मारणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

झटका आला असता लेकराला कुशीवर वळवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावे, तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तात्काळ दवाखाना गाठावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध एक दिवसही बंद करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी माणसांना ही व्याधी आहे, आणि योग्य निदान व औषध मिळाल्यास त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक झटक्यांशिवाय जगू शकतात.

हा आकडा मी मुद्दाम सांगितला. त्याचा एक अर्थ असा, की अपस्मार असलेले प्रत्येक मूल दिव्यांग नसते, आणि तसे म्हणून आपण कोणाची फसवणूक करू नये. ज्याचे झटके औषधाने थांबले आहेत त्याला प्रमाणपत्राची नव्हे, केवळ औषधाची आणि समजूतदार शेजाऱ्यांची गरज आहे. त्याचा दुसरा अर्थ असा, की उरलेले तीस टक्के आहेत. आपली ही मुलगी त्यांपैकी एक आहे. अनुदान रोगाच्या नावासाठी मागावयाचे नसते. रोगाने जे हिरावून घेतले त्यासाठी मागावयाचे असते.

कायदा काय म्हणतो

आता त्या टेबलापलीकडच्या माणसाचे म्हणणे तपासू. तो पूर्ण खोटे बोलला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारची दिव्यांगता नोंदलेली आहे, आणि अपस्मार हा शब्द त्या एकवीसांत नाही. योजनांचे लाभ बहुतांशी चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्यांसाठी आहेत, हेही खरे.

परंतु त्याने पुढचे काहीच वाचले नाही. त्याच अनुसूचीत मेंदूचा पक्षाघात आहे, बौद्धिक दिव्यांगता आहे, विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, वाचा व भाषा दिव्यांगता आहे, आणि यांपैकी एकाहून अधिक एकत्र असल्यास बहुविकलांगता आहे. ज्या मुलीचा उजवा हात चालत नाही, जिला अक्षर ओळखता येत नाही, जी उशिरा बोलली, तिची या नावांखाली तपासणी कोणी केली? कोणीही नाही. अर्जावर "फिट" हा एक शब्द होता, तो वाचला आणि फाईल मिटली. आईला आपल्या लेकराचे सर्वांत भयंकर दुःख झटक्याचे वाटते, म्हणून तिने तेवढेच सांगितले. तिच्या अज्ञानाचा दोष मी तिला देणार नाही. मुलीला न तपासता कागद परत देणाऱ्याला मात्र तो द्यावाच लागेल.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. अनुसूचीत दीर्घकालीन मज्जासंस्थेच्या विकारांमुळे येणारी दिव्यांगता असा एक गट आहे. त्याखाली दोन आजार दिले आहेत, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन. पण त्यांच्या आधी "जसे की" अशा अर्थाचे शब्द आहेत. "जसे की" म्हणणारी यादी उदाहरणे देते, ती दार बंद करीत नाही, असा युक्तिवाद करता येतो. तो मान्य होईलच असे मी आपणांस सांगत नाही. तो मांडण्याजोगा आहे एवढेच सांगतो. शिवाय, केंद्र सरकारला अधिसूचनेने या अनुसूचीत नवीन प्रकार घालण्याची सोय कायद्यातच आहे. म्हणजे १९९० साली जे दार उघडले, तसे दार येथेही आहे.

आणि सरकारला झटके मोजता येत नाहीत असेही नाही. २००१ साली केंद्राने दिव्यांगता मोजण्याची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत औषध नीट चालू असताना महिन्यात किती झटके येतात यावरून टक्के ठरविण्याचे कोष्टक होते: एक ते पाच झटक्यांस पंचवीस टक्के, सहा ते दहांस पन्नास, दहाहून अधिकांस पंचाहत्तर. ती तत्त्वे आता लागू नाहीत. त्यांच्या जागी २०१८ साली आणि पुढे २०२४ साली नवी आली. पण जी गोष्ट एकदा मोजली गेली, ती मोजताच येत नाही असे म्हणण्यास आता कोणास तोंड नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी संघ लोकसेवा आयोगाविरुद्धच्या एका प्रकरणात दिलेला निर्णयही आपण लक्षात ठेवावा. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराने परीक्षेत लेखनिक मागितला होता. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही, म्हणून तो नाकारण्यात आला. न्यायालयाने सांगितले की दिव्यांग व्यक्तीची व्याख्या आणि चाळीस टक्क्यांची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेथे कायद्याने ती अट घातलेली नाही तेथे ती लादता येत नाही. रोख अनुदानासाठी चाळीस टक्के लागतात, ते या निर्णयाने बदलत नाही. पण शाळेने लेकराला सामावून घेणे, त्याला आवश्यक सोय देणे, यासाठी चाळीस टक्क्यांचा कागद आधी आणा असे म्हणता येणार नाही. आपल्या मुलीला चार महिने घरी बसविणाऱ्या शाळेला हे ऐकविले पाहिजे.

नकारास उत्तर कसे द्यावे

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. घरी लिहून ठेवा.

पहिले, तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. प्रमाणपत्र नाकारावयाचे असेल तर कारणे लेखी कळविली पाहिजेत, असे कायद्याखालील नियमांत आहे, आणि त्या कळविण्याचा नमुनाही नियमांसोबत छापलेला आहे. १ जून २०२१ पासून हे अर्ज संगणकावरील पोर्टलद्वारेच चालतात; म्हणून अर्ज भरल्याचा क्रमांक जपून ठेवावा. तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणूनच तो तोंडी दिला जातो.

दुसरे, एक वही घाला. झटक्याची तारीख, वेळ, तो किती मिनिटे टिकला, नंतर मूल किती वेळ झोपले, त्या दिवशी औषध दिले होते काय, हे रोज लिहा. आईस लिहिता येत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाने लिहावे. शक्य झाल्यास झटक्याचे चित्रण भ्रमणध्वनीवर करून डॉक्टरांस दाखवावे. डॉक्टरांसमोर मूल बहुधा शांत बसलेले असते. त्या वेळी ही वहीच त्याची साक्षीदार असते.

तिसरे, मुलाला काय करता येत नाही त्याचे पुरावे गोळा करा: ई.ई.जी. व एम.आर.आय. चे अहवाल, उपचाराच्या चिठ्ठ्या, शाळेच्या हजेरीचा उतारा, शिक्षकांचे पत्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात झटक्यांचे विकार आणि विकासातील विलंब या दोहोंची तपासणी अंतर्भूत आहे. शाळेत व अंगणवाडीत येणाऱ्या त्या पथकास मुलाला दाखवा आणि नोंद मागा. मग नवा अर्ज करताना केवळ "फिट" लिहू नका. हात, बोलणे, शिकणे, जे खरोखर बाधित आहे त्या प्रत्येकाची तपासणी मागा. वाढवून एक शब्दही सांगू नका. पंचशीलातील चौथे शील अर्जालाही लागू आहे.

चौथे, पुन्हा नकार आला किंवा टक्के कमी दिले, तर अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करा. अपील कोणाकडे आणि किती मुदतीत, हे त्या कार्यालयालाच लेखी विचारा. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली आपल्या अर्जाच्या टिपण्या मागा. तीस दिवसांत त्या द्याव्या लागतात. हक्कांची पायमल्ली झाल्याची तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्यास करता येते, आणि चौकशीच्या कामी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

पाचवे, वकिलास पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, स्त्रीस, बालकास आणि दिव्यांगास मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. आपल्या या मुलीकडे पाहा: ती बालक आहे, स्त्री आहे, अनुसूचित जातीची आहे. तीन दारांपैकी कोणतेही एक पुरे आहे, आणि जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयास ते माहीत आहे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर तहसील कार्यालयात निराधार अनुदानाचा अर्ज करावयाचा असतो. २०२५ साली राज्याने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम दरमहा २,५०० रुपये केली. बौद्धिक दिव्यांगता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता निश्चित झाल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षणही मिळू शकते.

लपविणे आणि मागणे

एक गोष्ट आपल्याच लोकांस सांगणे भाग आहे. मुलीचे लग्न जमणार नाही म्हणून पुष्कळ घरे ही व्याधी लपवितात. जे घर दहा वर्षे लपविते, त्याच्याकडे अकराव्या वर्षी एकही कागद नसतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो कायद्याच्या दृष्टीने बौद्धांनाही लागू आहे, वारंवार येणारा अपस्मार हा विवाहास अडथळा मानला होता. १९९९ साली दुरुस्ती करून तो शब्द काढून टाकण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ साली, अपस्मार हा असाध्य रोगही नाही आणि मानसिक विकारही नाही, असे सांगून त्या कारणावर घटस्फोट नाकारला. कायद्याच्या पुस्तकातून जो कलंक पुसला गेला, तो आपल्या सोयरिकीच्या बैठकीतून केव्हा पुसणार?

भीक नव्हे

आता पुन्हा त्या आईच्या वाक्याकडे येतो. "हाकलून नाही दिलं, हेच खूप झालं." हे याचकाचे वाक्य आहे. याचकास नकाराचे कारण विचारता येत नाही, नागरिकास येते. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिने सिद्ध केलेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये, आजारपण व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावी, असा निर्देश आहे. हा निर्देश न्यायालयात थेट बजावून घेता येत नाही, हे मी लपवीत नाही. पण तेथे शब्द "हक्क" असा आहे, "दया" असा नाही. आणि २०१६ च्या कायद्याने त्या हक्काला हातपाय दिले आहेत.

तथागतांच्या चरित्रात अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून इतर भिक्खूंनी त्याची शुश्रूषा सोडून दिली होती. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः त्याला स्वच्छ केले, आणि मग संघाला जाब विचारला. ते केवळ सेवा करून थांबले नाहीत. संघाचे कर्तव्य काय, याचा नियम घालून दिला. करुणा आणि कायदा यांचे नाते मला या हकिकतीत दिसते. एकाची शुश्रूषा एक माणूस करू शकतो. सर्वांची व्हावी म्हणून नियम लागतो, आणि नियम पाळला जावा म्हणून जाब विचारणारा लागतो.

म्हणून या सभेपुढे माझी एकच मागणी आहे. १७२५ साली बांधलेल्या गढीवरून आपल्या या वस्तीला मस्तगड हे नाव मिळाले. गढीला दार एकच असते आणि आत कोणाला घ्यावयाचे ते दारावरचा माणूस ठरवितो. आजची कार्यालये अशा गढ्या होऊ नयेत, एवढे तरी आपण पाहू या. प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास शिकलेल्या तरुणांनी येथे अर्ज लिहिण्यासाठी बसावे. ज्या आईला कार्यालयात जावयाचे असेल तिच्याबरोबर एकाने जावे, कारण दोन माणसे दिसली की तोंडी नकार देणाऱ्याची जीभ थोडी सांभाळून चालते. तिची बुडालेली मजुरी वर्गणीतून भरून द्यावी. विहाराला रंग पुढच्या वर्षी दिला तरी चालेल.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. नवा अर्ज गेला आहे, त्यात हात, बोलणे आणि शिकणे यांच्या तपासणीची मागणी आहे. शाळेस पत्र दिले आहे, आणि गेल्या आठवड्यापासून ती वर्गात बसते. शेजारच्या बाकावरील मुलीला कुशीवर कसे वळवावे ते शिकविले आहे. निर्णय अजून झालेला नाही. तो अनुकूल होईल असे आश्वासन मी तिच्या आईस दिलेले नाही. एवढेच सांगितले आहे की, या वेळी जे काही उत्तर येईल ते कागदावर येईल, आणि ते आले की आपण ते मोठ्याने वाचू.

आमचे शहर म्हणते, "जालना सोने का पालना". सोन्याचा पाळणा आम्हांस नको. त्यात निजलेल्या लेकराला झटका आला तर त्याचे नाव कोणत्या यादीत आहे हे न विचारता हात पुढे करणारी माणसे हवीत, आणि नाव नसेल तर यादीलाच प्रश्न विचारणारी माणसे हवीत.

जय भीम. नमो बुद्धाय.